गोटी, घंटी आणि निकाल : गॅम्बियाची २०१६ ची अध्यक्षीय निवडणूक

मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘संमती’ या कल्पनेबद्दल बोललो. लॉक झाला, रूसो झाला. त्यावर काही श्रोत्यांनी कळवलं की सर, हे सगळं फार हवेतलं होतंय, एखादं घडलेलं उदाहरण घ्या. मागणी रास्त आहे. तेव्हा आज आम्ही तुम्हाला एका छोट्या देशात नेणार आहोत. तिथं काय झालं ते आधी नीट सांगू, आणि मग त्यातून आम्हाला पडलेला प्रश्न तुमच्यापुढं ठेवू.

देश आहे गॅम्बिया. पश्चिम आफ्रिकेचा नकाशा डोळ्यांपुढं आणा. सेनेगल नावाचा देश आहे, आणि त्याच्या पोटात पश्चिमेकडून एखादं बोट खुपसावं तशी एक चिंचोळी पट्टी आहे. गॅम्बिया नदी आणि तिचे दोन काठ, एवढाच हा देश. क्षेत्रफळ आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी. लोकवस्ती तेव्हा वीस लाखांच्या आसपास. भुईमूग पिकवायचा, नदीत आणि समुद्रात मासे धरायचे, युरोपातून येणाऱ्या पर्यटकांची सोय बघायची, असा सगळा व्यवहार. १९६५ साली ब्रिटिश गेले. त्यानंतर दौदा जवारा नावाचे गृहस्थ सत्तेवर होते. मूळचे गुरांचे डॉक्टर. १९९४ च्या जुलैत सैन्यातल्या काही तरुण अधिकाऱ्यांनी त्यांना घालवलं. त्या अधिकाऱ्यांचा म्होरक्या होता याह्या जामे, वय वर्षं एकोणतीस, हुद्दा लेफ्टनंट.

हा जामे पुढं बावीस वर्षं राहिला. मध्ये चार निवडणुका झाल्या, चारही त्यानंच जिंकल्या. २०११ ला तर सत्तर टक्क्यांहून अधिक मतं घेतली. अल्लाची इच्छा असेल तर आपण अब्जावधी वर्षंही राज्य करू, असं त्यानं बीबीसीला सांगितलं होतं. एड्स आपण जडीबुटीनं बरा करतो, असाही त्याचा दावा होता. ऐकायला हे गमतीचं वाटतं, पण तिथले पत्रकार, विरोधक आणि सैन्यातले लोक नाहीसे होत होते, तुरुंगात मरत होते. त्या लोकांना यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे विसरू नका.

आता मतदानाची पद्धत. इथं आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण आम्हाला ती मनापासून आवडते.

गॅम्बियात कागदावर शिक्का मारत नाहीत. गोटी टाकतात! काचेची गोटी, पोरं खेळतात तसली. स्वातंत्र्याच्या सुमारास तिथं साक्षरता फार कमी होती, म्हणून ही रीत निघाली. मतदान केंद्रात आडोशाला प्रत्येक उमेदवाराचं एकेक पत्र्याचं पिंप ठेवलेलं असतं. त्याला त्या उमेदवाराचा रंग दिलेला, वर त्याचा फोटो आणि चिन्ह. २०१६ ला तीन पिंपं होती : जामेचं हिरवं, ममा कांदेचं जांभळं आणि अदामा बॅरोचं राखाडी. पिंपाच्या माथ्यावर एक नळी असते. मतदाराची ओळख पटवतात, बोटाला शाई लावतात, हातात एक गोटी देतात. तो आडोशाआड जातो आणि हव्या त्या नळीत गोटी सोडतो. गोटी आत पडताना एका घंटीवर आपटते. सायकलच्या घंटीसारखा ‘टिंग’ असा आवाज होतो, आणि तो बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू येतो. तळाला भुसा किंवा वाळू असते, म्हणजे पडलेल्या गोटीचा दुसरा आवाज होत नाही. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकली आणू देत नाहीत. का ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आता या घंटीचं कौतुक करा. ती एकदा वाजली म्हणजे एकानं एक मत दिलं. दोनदा वाजली तर कुणीतरी खिशातून जास्तीची गोटी आणली. वाजलीच नाही तर गोटी खिशात घालून बाहेर निघाला. पण ती कुठल्या पिंपात वाजली, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. मत दिलं ही गोष्ट जाहीर, कुणाला दिलं ही गोष्ट गुप्त. एवढ्याशा आवाजात दोन्ही साधलं. आणि बाद मत हा प्रकारच नाही : शिक्का दोन खान्यांच्या मध्ये पडला, कागद चुकीचा दुमडला, असलं काही गोटीचं होत नाही.

आपल्याला हे अगदी परकं वाटायला नको. १९५१-५२ च्या आपल्या पहिल्या निवडणुकीतही प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. पेटीवर चिन्ह चिकटवलेलं असायचं, आणि मतदार आपली मतपत्रिका त्या पेटीत टाकायचा. त्यातल्या लाखो पोलादी पेट्या आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात बनल्या होत्या. आणि आजच्या मतदान यंत्राचा तो लांबलचक ‘बीऽऽप’? तोही त्या घंटीचाच भाऊबंद आहे.

मतदान आणि खडे-गोळ्या यांचं नातं तर फारच जुनं. निवडणूकशास्त्राला इंग्रजीत सेफॉलॉजी म्हणतात, त्यातला ‘सेफोस’ हा ग्रीक शब्द म्हणजे गारगोटी. ‘बॅलट’ हा शब्दही इटालियन भाषेतल्या लहान गोळीवरून आलेला. आपल्याकडं बौद्ध भिक्खुसंघात शलाका असायच्या, म्हणजे रंगीत काड्या. त्या वाटणारा आणि गोळा करणारा भिक्खू नेमलेला असे. विनयपिटकात मत घेण्याच्या तीन रीती दिल्या आहेत : गूळ्हक म्हणजे गुप्त, सकण्णजप्पक म्हणजे कानात सांगून आणि विवटक म्हणजे उघड. संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीचा दाखला दिला होता, तो याच परंपरेचा. पण त्या नियमांत एक विचित्र कलमही आहे. गुप्त मतदानात अधर्माची बाजू घेणारे जास्त निघाले, तर त्या शलाकाग्राहकानं ‘शलाका चुकीच्या घेतल्या गेल्या’ असं म्हणून मतदान रद्द करायचं. हे कलम ध्यानात ठेवा, त्याच्याकडं परत येऊ.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. २०११ लाही याच गोट्या होत्या आणि हीच घंटी होती. तरीसुद्धा त्या निवडणुकीला निरीक्षक पाठवायला पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेनं, इकोवासनं, नकार दिला होता. तिथले मतदार आणि विरोधक दडपशाहीनं दबलेले आहेत, असं कारण देऊन. गोटी टाकणाऱ्याचा हात थरथरत असेल तर घंटी काय करणार?

मग २०१६ ला काय बदललं? आमच्या मते तीन गोष्टी. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये निवडणूक सुधारणा मागणाऱ्या एका छोट्या मोर्चातल्या लोकांना धरून नेलं. त्यांतले सोलो सँडेंग नावाचे कार्यकर्ते कोठडीत मेले. त्याचा जाब विचारायला उतरलेले ज्येष्ठ विरोधी नेते उसैनू दारबो यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. लोकांच्या मनात काहीतरी तुटलं ते तिथं. दुसरं म्हणजे, एकमेकांची तोंडं न पाहणारे विरोधी पक्ष एकत्र आले आणि त्यांनी एकच उमेदवार दिला. दारबो तुरुंगात, म्हणून त्यांच्या पक्षाचे खजिनदार अदामा बॅरो पुढं आले. जमीनजुमल्याचा व्यवसाय करणारे, पूर्वी लंडनमध्ये एका दुकानात सुरक्षारक्षक म्हणून काम केलेले गृहस्थ. कधीही कुठल्याही सार्वजनिक पदावर नव्हते. जामेनं आदल्याच वर्षी उमेदवारीची अनामत १० हजार डलासींवरून ५ लाखांवर नेली होती, गरीब पक्षांनी उभंच राहू नये म्हणून. त्याचा परिणाम असा झाला, की पैसे एकत्र करायचे तर माणसंही एकत्र करणं भाग पडलं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कमी गाजली, पण आम्हाला ती सगळ्यांत मोठी वाटते. त्या वर्षी पहिल्यांदाच गोट्यांची मोजणी जागच्या जागी, मतदान केंद्रावरच झाली. आधी पिंपं हलवून मोजणीच्या ठिकाणी न्यायचे. आता केंद्रावर सगळ्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर पिंप उघडायचं, गोट्या खळगे असलेल्या फळीवर ओतायच्या. एका फळीत किती खळगे ते ठरलेलं, त्यामुळं भरलेल्या फळ्या मोजल्या की झालं. म्हणजे राजधानी बांजूलमध्ये बेरीज व्हायच्या आधी तिचा प्रत्येक तुकडा कुणा ना कुणाला ठाऊक होता.

१ डिसेंबर २०१६ ला मतदान झालं. त्या दिवशी इंटरनेट आणि परदेशी फोन बंद होते. २ तारखेला निवडणूक आयोगाचे अध्यक्ष अलियू मोमार न्जाय यांनी आकडे वाचले : बॅरो २,६३,५१५, जामे २,१२,०९९, कांदे १,०२,९६९. आणि त्या संध्याकाळी सरकारी दूरचित्रवाणीवर लोकांनी जे पाहिलं त्यावर कुणाचा विश्वास बसेना. जामे बॅरोंना फोन करतोय, हसतोय, अभिनंदन करतोय, आपण आता गावाकडं, कनिलाईला जाऊन शेती करू म्हणतोय! रस्त्यारस्त्यावर लोक नाचले.

इथं थांबून एक विचारतो. लोक नाचले ते कशावर? आकड्यांवर की फोनवर? कायद्यानं बघितलं तर हरलेल्याच्या फोनला काही किंमत नाही. अध्यक्ष ठरतो तो मोजणीनं. फोन केला नसता तरी बॅरोच निवडून आले होते. पण बावीस वर्षं भीतीत काढलेल्या माणसांना नुसता आकडा पुरला नसता, असं आम्हाला वाटतं. संमती देणारे मतदार, हे लॉकनं सांगितलं. पण हरलेल्याचीही एक संमती लागते, आणि ती कुठल्याही पेटीत पडत नाही.

आता पुढं काय होतं बघा. ५ डिसेंबरला न्जाय परत बोलले. बेरजेत चूक झाली होती, ती दुरुस्त केली, असं सांगून त्यांनी नवे आकडे दिले : बॅरो २,२७,७०८, जामे २,०८,४८७, कांदे ८९,७६८. वजाबाकी करून बघा. एकूण मतं ५२,६२० नं घटली. आणि बॅरोंची आघाडी ५१,४१६ होती, ती १९,२२१ वर आली. विजेता तोच. क्रमही तोच.

आणि ९ डिसेंबरला जामे पुन्हा दूरचित्रवाणीवर आला आणि म्हणाला, मला हा निकाल अजिबात मान्य नाही. देवाला भिणाऱ्या, स्वतंत्र आयोगाकडून नव्यानं निवडणूक घ्या. मधल्या आठवड्यात विरोधी आघाडीतल्या एका नेत्या म्हणून गेल्या होत्या की जामेवर खटला भरणार. त्यामुळं तो घाबरला, असं बरेच जण म्हणतात. असेलही. पण जाहीर बोट दाखवायला त्याच्या हाती होती ती आयोगानं स्वतःहून कबूल केलेली चूक.

यावर बोलण्याचा आम्हाला फारसा अधिकार नाही, आणि त्याचं कारण सांगायला हवं. १९८० नंतरची गोष्ट. आम्ही शिकवत होतो तिथल्या कर्मचाऱ्यांच्या पतपेढीची निवडणूक होती, आणि मतमोजणीची जबाबदारी आमच्याकडं. एकोणीस मतांच्या फरकानं एक जण निवडून आला, आम्ही जाहीर केलं, पेढे खाल्ले. रात्री घरी कागद तपासताना लक्षात आलं की दहा मतांची एक जुडी दोनदा धरली गेलीय. फरक एकोणीसचा नव्हता, नऊचा होता. निकाल काही बदलत नव्हता. आम्ही स्वतःला म्हणालो, कशाला उगाच घोळ. आणि गप्प बसलो. हरलेले गृहस्थ आमचे स्नेही, संस्कृत शिकवायचे. काही वर्षांनी सहज बोलता बोलता ते म्हणाले, ‘एकोणीस मतं म्हणजे लोकांना आपण नकोच होतो. एक आकडी फरक असता तर फेरमोजणी मागितली असती.’ आम्ही चहा पीत होतो. तेव्हाही बोललो नाही. ते आता नाहीत.

तेव्हा न्जाय यांनी जे केलं ते काय होतं, हे आम्हाला जरा आतून कळतं. विजेता बदलत नव्हता. गप्प राहिले असते तर जामेच्या हाती काही आलं नसतं, असं आपल्यातलेही काही जण म्हणतील. आणि समोर कोण, तर माणसं नाहीशी करणारा सत्ताधीश. तरी ते उभे राहिले आणि म्हणाले, आमची बेरीज चुकली. नंतर १३ डिसेंबरला सैनिकांनी आयोगाची इमारत ताब्यात घेतली, आणि जानेवारीत न्जाय यांना देश सोडावा लागला.

आता तत्त्वज्ञानातला प्रश्न. पंचानं बोट वर केलं की फलंदाज बाद. म्हणजे बोट वर करणं हे ‘सांगणं’ आहे की ‘करणं’? ऑस्टिन या तत्त्ववेत्त्यानं दाखवलं की काही वाक्यं वस्तुस्थिती सांगत नाहीत, ती घडवतात. ‘मी या जहाजाला अमुक नाव देतो’, यात खरंखोटं काही नाही. मग निवडणुकीचा निकाल कुठल्या जातीचा? ‘अमुक निवडून आले’ असं अध्यक्षांनी म्हटल्यानं ते निवडून येतात का? तसं असेल तर २ तारखेला न्जाय बोलले आणि विषय संपला. ५ तारखेची दुरुस्ती निरर्थक ठरते, कारण घडवणाऱ्या वाक्यात बेरीज चुकत नाही. आणि तसं नसेल, नुसत्या गोट्याच बोलत असतील, तर जाहीर करणाऱ्याची गरजच काय?

आमचं उत्तर असं की ५ तारखेनं हा प्रश्न सोडवला. स्वतःचं वाक्य दुरुस्त करून न्जाय यांनी दाखवून दिलं की माझं बोलणं गोट्यांना बांधलेलं आहे, गोट्या माझ्या बोलण्याला नाहीत. आणि हे त्यांना करता आलं, कारण गोट्या केंद्रावरच मोजल्या गेल्या होत्या. चूक होती ती बेरजेत, मोजणीत नव्हे, असं म्हणायला जागा होती. जामेचं म्हणणं याच्या बरोब्बर उलटं. त्याला निकाल मान्य होता, जोवर हरणं सोयीचं वाटत होतं तोवर. मग आयोगच देवभीरू नव्हता असं ठरलं. आठवा तो शलाकाग्राहक! बहुमत भलत्या बाजूला गेलं की ‘शलाका चुकीच्या घेतल्या गेल्या’. संघाच्या बाबतीत निदान धर्म म्हणजे काय हे लिहून ठेवलेलं होतं. इथं धर्म म्हणजे जामेचं राज्य.

पुढची हकिगत भराभर सांगतो. जामे सर्वोच्च न्यायालयात गेला. मजा अशी की न्यायालयच नव्हतं! २०१५ पासून ते पुरतं बसलंच नव्हतं. न्यायाधीश बहुतेक नायजेरिया, सिएरा लिओनमधून आणायचे, आणि जामेनं त्यांना इतक्या वेळा नेमलं आणि काढलं होतं की खटला ऐकण्याइतके उरलेच नव्हते. १० जानेवारी २०१७ ला मुख्य न्यायाधीशांनी सांगितलं की इतर न्यायाधीश आल्याशिवाय सुनावणी होणार नाही. स्वतः मोडलेल्या खुर्चीवर बसायला गेला आणि पडला, असं म्हणा.

मग आणीबाणी लावली, संसदेकडून मुदत नव्वद दिवस वाढवून घेतली. रस्त्यात ‘गॅम्बिया हॅज डिसायडेड’ लिहिलेले टीशर्ट घातलेली पोरं दिसू लागली; असले शर्ट घातल्याबद्दल धरपकडही झाली. सुमारे ४५ हजार लोक पोरंबाळं घेऊन सेनेगलमध्ये गेले. १९ जानेवारीला बॅरोंनी शपथ घेतली, तीही डाकारमधल्या गॅम्बियाच्या वकिलातीत. त्याच आठवड्यात बॅरोंचा आठ वर्षांचा मुलगा इकडं गॅम्बियात कुत्रा चावून गेला होता, आणि बाप त्याच्या दफनाला जाऊ शकला नव्हता. शपथविधीची छायाचित्रं बघताना आम्हाला ते आठवल्याशिवाय राहात नाही.

त्याच दिवशी इकोवासचं सैन्य सीमा ओलांडून आत आलं. गॅम्बियाच्या लष्करप्रमुखानं सांगून टाकलं होतं की हा राजकीय वाद आहे, यात मी माझे सैनिक लढवणार नाही. गिनी आणि मॉरिटानियाच्या अध्यक्षांनी समजूत काढली, आणि २१ तारखेला जामे विमानात बसला तो इक्वेटोरियल गिनीला गेला. म्हणजे शेवटी गोटीच्या मागं रणगाडा लागलाच की, असं कुणी म्हणेल. म्हणावं. आम्ही ते नाकारत नाही. फक्त एवढं बघा, की रणगाडे कुणाच्या बाजूनं आले हे गोट्यांनी ठरवलं होतं, आणि त्या रणगाड्यांसाठी सगळ्यांना एक नेमका, तपासलेला आकडा लागत होता. तो न्जाय यांनी दिला होता.

बॅरोंबद्दल भाबडेपणा नको. आघाडीनं तीन वर्षांचीच कारकीर्द ठरवली होती. त्यांनी पाच पूर्ण केली. अध्यक्षाला दोनच कारकिर्दींची मर्यादा घालणारा संविधानाचा मसुदा २०२० मध्ये संसदेत आवश्यक तीन-चतुर्थांश मतांअभावी पडला. ४ डिसेंबर २०२१ ला पुन्हा गोट्या पडल्या. बॅरोंना ५३ टक्के मिळाले. समोर होते दारबो, म्हणजे ज्यांच्या तुरुंगवासामुळं बॅरो पुढं आले तेच. दारबोंच्या पक्षानं निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. या वेळी न्यायालय होतं, न्यायाधीश होते. त्यांनी त्याच महिन्यात प्रक्रियेच्या मुद्द्यावर अर्ज फेटाळला.

पुढच्या व्याख्यानात घाना घेऊ. २०१२ च्या निवडणुकीवरचा खटला तिथं आठ महिने चालला, आणि सुनावणी अख्ख्या देशानं दूरचित्रवाणीवर थेट पाहिली. हरलेल्या उमेदवारानं, आपल्याला निकाल पटला नाही असं सांगून, तो मान्य केला. ‘पटणं’ आणि ‘मान्य करणं’ यांतला फरक हाच पुढचा विषय. ज्यांना जमेल त्यांनी तोवर आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या मागच्या निवडणुकीची बेरीज एकदा करून बघा. (हशा) नाही, खरंच सांगतोय.